बँकेचा शेअर घ्यायचाय? मग भाव सगळ्यात शेवटी बघा

ठाण्यात पाचपाखाडीला आमची सोसायटी आहे. तिथे मी 'बँकेतून रिटायर झालेले' म्हणून ओळखला जातो, त्यामुळे लिफ्टमध्ये, जिन्यात, तलावपाळीच्या संध्याकाळच्या फेरीत, कुठेही प्रश्न येतात. मध्यंतरी वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी मोबाइल पुढे धरला. "भाऊजी, या बँकेचा पीई फक्त सहा आहे. बाकीच्यांचा पंधरा-वीस. स्वस्तात मिळतोय, घेऊन टाकू का?"

म्हटलं, "वहिनी, पीई म्हणजे भाव भागिले नफा. त्यातला नफा खरा आहे का, ते आधी बघू."

ते बघायला आम्हाला दोन संध्याकाळी आणि बराच चहा लागला. त्या दोन संध्याकाळी आम्ही ज्या क्रमाने गेलो, त्याच क्रमाने हा लेख आहे. घ्या किंवा विका असा सल्ला यात नाही. कागद कसा वाचायचा, एवढंच आहे.

बँकेचा शेअर वेगळा का, ते आधी. साबणाच्या कारखान्याने साबण विकला, पैसे आले, विषय संपला. बँकेचा माल म्हणजे कर्ज. ते दिलं की व्याज नफ्यात धरायला सुरुवात होते, आणि माल सडका होता हे कळायला दोन-तीन वर्षं जातात. वर बँकेचा धंदा चालतो दुसऱ्याच्या पैशावर. शंभर रुपयांच्या मालमत्तेमागे भागधारकांचे स्वतःचे आठ-दहा रुपये असतात, उरलेले ठेवीदारांचे आणि बँकेला कर्ज देणाऱ्या इतरांचे. शंभरातले चार रुपये बुडाले, तर ठेवीदाराला पत्ताही लागत नाही, पण तुमचं भांडवल जवळपास अर्धं होतं.

आधी एक गल्लत दूर करू

ठाणे जिल्हा सहकारी बँकांचा. अनेकांच्या घरी कपाटात सहकारी बँकेच्या शेअरचा दाखला असतोच, कारण कर्ज घेताना ठरावीक टक्के रकमेचे शेअर घ्यावे लागतात. तो शेअर वेगळा. तो दर्शनी किमतीला मिळतो आणि दर्शनी किमतीलाच परत करता येतो. बाजारात त्याचा भाव लागत नाही. इथे आपण एनएसई-बीएसईवर नोंदलेल्या बँकांबद्दल बोलतोय. आणि पाच लाखांचा ठेव विमा, जो ४ फेब्रुवारी २०२० पासून एक लाखावरून पाच लाख झाला, तो ठेवींना आहे. शेअरला कुठल्याच बँकेत विमा नाही.

कागद कुठले काढायचे

चार पुरतात. एक्स्चेंजच्या साइटवरचा तिमाही निकाल, त्यासोबतचं गुंतवणूकदारांसाठीचं सादरीकरण, वार्षिक अहवाल, आणि बँकेच्या स्वतःच्या साइटवरची बासेल-३ ची, म्हणजे बँकांच्या भांडवलाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दिलेली, माहिती. वार्षिक अहवालातली पहिली शंभर पानं, हसऱ्या चेहऱ्यांची आणि सौर दिव्यांची, बिनदिक्कत उलटा. बहुतेक बँकांच्या अहवालात परिशिष्ट १७ म्हणजे लेखाधोरणं आणि परिशिष्ट १८ म्हणजे हिशेबावरच्या टिपा. बँक काय बोलते ते पहिल्या पानांत असतं, काय बोलावं लागतं ते अठरामध्ये.

पहिली पायरी: थकीत कर्जाचा वर्षभराचा प्रवास

यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. निम्मा वेळ गेला तरी चालेल.

हप्ता किंवा व्याज नव्वद दिवसांपेक्षा जास्त थकलं की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज. त्याआधीचे, लक्ष ठेवायच्या खात्यांचे तीन टप्पे असतात: तीस दिवसांपर्यंत एसएमए-०, साठपर्यंत एसएमए-१, नव्वदपर्यंत एसएमए-२. ढोबळ एनपीए म्हणजे एकूण थकीत कर्ज. त्यातून केलेली तरतूद, म्हणजे बुडेल म्हणून नफ्यातून आधीच बाजूला काढलेली रक्कम, वजा केली की निव्वळ एनपीए. वर्तमानपत्रात या दोन टक्केवाऱ्या येतात आणि लोक तिथेच थांबतात.

वहिनींना मी वहीवर एक काल्पनिक बँक मांडून दाखवली. वर्षाच्या सुरुवातीला कर्ज ९०,००० कोटी, ढोबळ एनपीए ३,२०० कोटी. वर्षअखेरीस कर्ज १,००,००० कोटी, एनपीए ३,००० कोटी. बातमी अशी येणार: 'एनपीए ३.५६ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर, बँकेची प्रकृती सुधारली'. आता टिपांमधला एनपीएचा जमाखर्च उघडा:

सुरुवातीची शिल्लक ३,२०० कोटी
वर्षात नव्याने थकलेलं कर्ज २,४०० कोटी
वसुली आणि सुधारलेली खाती वजा १,१०० कोटी
राइट-ऑफ वजा १,५०० कोटी
अखेरची शिल्लक ३,००० कोटी

वहिनी लगेच म्हणाल्या, "म्हणजे दीड हजार कोटी नुसतेच खोडले?" अगदी बरोबर. राइट-ऑफ म्हणजे कर्जमाफी नव्हे. कर्जदाराचं देणं राहतं, वसुलीही चालू राहते. पण वहीतून ते गेलं. ते गेलं नसतं तर शिल्लक ४,५०० कोटी असती, म्हणजे टक्केवारी साडेचारच्या जवळ. सुधारणा वसुलीची नव्हती, खोडरबराची होती.

या तक्त्यातला सगळ्यात बोलका आकडा नव्याने थकलेल्या कर्जाचा. त्याला बँकवाले स्लिपेज म्हणतात. वर्षाच्या सुरुवातीच्या कर्जाशी त्याचं प्रमाण काढा. इथे २,४०० भागिले ९०,०००, म्हणजे सुमारे २.७ टक्के. शिल्लक एनपीए हा जुन्या कर्मांचा हिशेब असतो, स्लिपेज आजची सवय सांगतं. माझा अंदाज असा: मोठ्या, मिश्र कर्ज असलेल्या बँकेत हे प्रमाण दोन टक्क्यांच्या खाली असावं, आणि सलग चार तिमाही वाढत असेल तर नफा कितीही छान दिसो, मी बाजूला बसतो.

दुसरा सापळा भाजकाचा. कर्जवाटप वर्षाला तीस-पस्तीस टक्क्यांनी वाढवलं की एनपीएची टक्केवारी आपोआप खाली येते, कारण नवं कर्ज लगेच थकत नाही. नव्याचे नऊ दिवस कर्जालाही असतात. म्हणून झपाट्याने वाढणाऱ्या बँकेत आजचा एनपीए दोन वर्षांपूर्वीच्या कर्जाशी ताडून बघा.

तिसरी गोष्ट मी खुर्चीत बसून पाहिलेली. वागळे इस्टेटजवळच्या एका शाखेत मी कर्ज विभागात होतो. एका छोट्या कारखान्याचं कॅश क्रेडिट (सीसी) खातं, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसे पैसे काढायचं कर्जखातं, महिनोन्महिने मर्यादेच्या वर चढलेलं. सीसी खात्याला हप्ता नसतो. ते सलग नव्वद दिवस मर्यादेबाहेर राहिलं किंवा व्याजाएवढीही जमा झाली नाही, तर एनपीए. तीस मार्चला दुपारी त्या खात्यात भलीमोठी रक्कम आली. वरून फोन: खातं रेग्युलर दाखवा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तेवढीच रक्कम बाहेर गेली. पैसे कुठून आले, ते मालकाने मला नंतर चहा पिताना सांगितलं. आमच्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेने त्यांच्या भावाच्या नावावर नवं कर्ज दिलं होतं. कागदावर दोन्ही खाती धडधाकट. याला म्हणतात सदाहरित कर्ज.

बाहेर बसून हे पकडता येत नाही, पण त्याची सावली दिसते. ढोबळ एनपीएच्या शेजारी पुनर्रचित कर्ज, म्हणजे फेडीच्या अटी सैल करून दिलेलं कर्ज, किती आहे ते बघा, आणि सादरीकरणात दिलं असेल तर एसएमए-१ व २ सुद्धा. मी तिन्हींची बेरीज करतो. बेरीज वाढतेय आणि एनपीए स्थिर आहे, तर कुठेतरी तीस मार्चची दुपार चालू आहे.

रिझर्व्ह बँकेने पकडलेला फरक

हा छोटा मुद्दा आहे, पण मला सगळ्यात प्रिय. रिझर्व्ह बँक बँकेचे हिशेब तपासते आणि बँकेने दाखवलेल्या व तिला आढळलेल्या एनपीएत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त तफावत निघाली, तर ती टिपांमध्ये छापावी लागते. पीडीएफमध्ये 'डायव्हर्जन्स' हा शब्द शोधा, दहा सेकंदांत सापडतो.

येस बँकेने मार्च २०१६ अखेर ढोबळ एनपीए सुमारे ७४९ कोटी दाखवला होता. रिझर्व्ह बँकेच्या हिशेबाने तो सुमारे ४,९२६ कोटी होता. हे २०१७ मध्ये छापून आलं. पुढच्या वर्षाचा फरक तर ६,३५५ कोटींचा निघाला. तरीही ऑगस्ट २०१८ मध्ये शेअरचा भाव ४०० रुपयांच्या आसपास होता. ५ मार्च २०२० ला बँकेवर निर्बंध आले, खात्यातून ५०,००० रुपयांपेक्षा जास्त काढता येईना. नंतरच्या योजनेत स्टेट बँकेने १० रुपये दराने शेअर घेतले, ज्यांच्याकडे शंभरापेक्षा जास्त शेअर होते त्यांचे ७५ टक्के तीन वर्षांसाठी अडकले, आणि ८,४१५ कोटींचे एटी-१ रोखे (बँक अडचणीत आली तर खोडता येतात असे भांडवली रोखे) शून्य केले गेले. ते रोखे प्रकरण पुढे कोर्टात गेलं, तो वेगळा विषय. मुद्दा हा की इशारा जवळपास तीन वर्षं आधी जाहीर कागदावर होता.

दुसरी पायरी: तरतूद आणि भांडवल

तरतुदीचं प्रमाण म्हणजे थकीत कर्जापैकी किती रक्कम बँकेने आधीच नफ्यातून बाजूला काढली. आमच्या काल्पनिक बँकेत ३,००० पैकी २,१०० कोटी, म्हणजे ७० टक्के. सत्तरच्या वर असेल तर मी फार खोलात जात नाही. एक खबरदारी: काही बँका राइट-ऑफ केलेली खाती धरून हे प्रमाण सांगतात, तेव्हा ते फुगतं. ती खाती न धरता किती, ते बघा.

भांडवल पर्याप्तता, म्हणजे जोखमीनुसार मोजलेल्या मालमत्तेशी भांडवलाचं प्रमाण, आपल्याकडे किमान ९ टक्के, त्यावर अडीच टक्क्यांची राखीव उशी, म्हणजे साडेअकरा. स्मॉल फायनान्स बँकांना १५. पण एकूण आकड्यापेक्षा सीईटी-१ बघा, म्हणजे निखळ भागभांडवल आणि राखीव निधी. त्याची गरज उशीसकट ८ टक्के; मला १२ च्या वर असलं की बरं वाटतं. ते दहाच्या खाली येत असेल तर बँक लवकरच नवे शेअर काढणार असं समजा. शेअर पुस्तकी मूल्याच्या (भागधारकांचं भांडवल भागिले शेअरची संख्या) वर विकले गेले तर ठीक. खाली विकले, तर तुमचा हिस्सा पातळ झाला. सरकारी बँकांचे जुने भागधारक यात चांगलेच पोळलेत.

भांडवल संपलं की काय होतं, त्याचं उदाहरण लक्ष्मी विलास बँक. १७ नोव्हेंबर २०२० ला निर्बंध, २७ नोव्हेंबरला डीबीएस बँक इंडियात विलीनीकरण. ठेवीदारांच्या ठेवी सुरक्षित राहिल्या. भागभांडवल पूर्ण खोडलं गेलं. दहा दिवसांचा खेळ. 'सरकार बँक बुडू देत नाही' हे वाक्य सोसायटीच्या बाकावर नेहमी ऐकू येतं. ठेवीदारापुरतं ते बऱ्याच वेळा खरं ठरलंय. भागधारकाला त्यात धरलेलं नाही.

तिसरी पायरी: पैसा कुणाचा, कुठे गेलाय

कासा म्हणजे चालू आणि बचत खात्यांतल्या ठेवी. या स्वस्त. कासाचं प्रमाण घसरत असेल, तर बँक मुदत ठेवींवर जादा दर देऊन पैसा ओढतेय. गोखले रोडवरच्या पाट्या बघत चाललात तरी कळतं, कोण अर्धा टक्का जास्त देतंय ते. जास्त दर देणारा कुठेतरी जास्त दराने कर्ज देणार, आणि जास्त दराने कर्ज घेणारा कोण असतो, हे शाखेत बसलेल्या माणसाला विचारा.

कर्ज-ठेव प्रमाणही बघावं. १ जुलै २०२३ ला एचडीएफसी लिमिटेड ही घरकर्ज देणारी कंपनी एचडीएफसी बँकेत विलीन झाली, तेव्हा कर्ज भरपूर आलं पण त्या मानाने ठेवी आल्या नाहीत आणि प्रमाण शंभरच्या वर गेलं. बँक सशक्त, तरी पुढे कर्जवाढ आवरती घ्यावी लागली आणि भागधारकांना वाट पाहावी लागली. जोखीम म्हणजे दरवेळी बुडणंच नव्हे.

टिपांमध्ये सर्वात मोठ्या वीस ठेवीदारांचा आणि वीस कर्जदारांचा वाटा छापलेला असतो. ठेवींतला वाटा दहा टक्क्यांच्या आत असेल तर निवांत. वीसच्या वर असेल, तर दोन-चार कंपन्यांच्या खजिनदारांनी एका सकाळी मन बदललं की पंचाईत.

कर्ज कुठे गेलंय, ते वाचायला सोपं. घरकर्ज सुरक्षित पण नफा कमी. क्रेडिट कार्ड, वैयक्तिक कर्ज, मायक्रोफायनान्स यांत व्याज भरपूर आणि तारण काही नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने विनातारण ग्राहक कर्जाचा जोखीमभार (भांडवल मोजताना ते कर्ज किती धोक्याचं धरायचं, ते) १०० वरून १२५ टक्के केला, तो उगाच नाही. सहा-सात टक्के व्याज मार्जिन, म्हणजे मिळालेल्या आणि दिलेल्या व्याजातला फरक, बघून हुरळणाऱ्यांनी त्याच पानावरचा तरतुदीचा खर्चही बघावा.

चौथी पायरी: नफा कशाचा बनलाय

पुन्हा आमची काल्पनिक बँक. तरतुदीआधीचा नफा ३,८०० कोटी, तरतूद १,८०० कोटी, करपूर्व २,००० कोटी, हातात १,५०० कोटी. कमावलेल्या शंभरातले सत्तेचाळीस रुपये बुडीत कर्जात जातात. याउलट, एखाद्या वर्षी तरतूद अचानक निम्मी झाली की नफा उडी मारतो आणि पीई सहावर येतो. वहिनींच्या बँकेत नेमकं हेच झालं होतं. धंदा तेवढाच, तरतूद आखडती. भरीला 'इतर उत्पन्न' मोठं.

इतर उत्पन्नात तीन गोष्टी शोधा. शुल्क टिकाऊ. राइट-ऑफ खात्यांतली वसुली चांगली, पण दरवर्षी मिळेलच असं नाही. आणि रोख्यांवरचा नफा वाऱ्यावरचा. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ६.५ वरून ५.५ टक्क्यांवर आला. दर उतरले की जुन्या रोख्यांच्या किमती चढतात, बँका ते विकून नफा दाखवतात. त्याच वेळी रेपोशी जोडलेल्या कर्जांचं व्याज लगेच कमी होतं, मुदत ठेवींचं मात्र मुदत संपेपर्यंत तसंच राहतं. म्हणजे मुख्य धंद्यात मार्जिन आकसतंय आणि खालच्या ओळीत नफा फुलतोय. म्हणून निव्वळ व्याज उत्पन्न वेगळं लिहून काढा, मग इतर.

मालमत्तेवरचा परतावा एक टक्का म्हणजे बरी बँक, दीड म्हणजे उत्तम. सलग पाच वर्षांचा बघा, एका वर्षाचा नव्हे.

पाचवी पायरी: खुर्चीतली माणसं

आकड्यांत न दिसणारं इथे दिसतं. खासगी बँकेच्या प्रमुखाच्या नेमणुकीला रिझर्व्ह बँकेची मंजुरी लागते. संचालक मंडळाने तीन वर्षं मागितली आणि मंजुरी एकाच वर्षाची आली, तर पेपर खाली ठेवून विचार करावा. इंडसइंड बँकेत ७ मार्च २०२५ ला असंच झालं. १० मार्चला बँकेने डेरिव्हेटिव्ह व्यवहारांच्या हिशेबात तफावत असल्याचं जाहीर केलं. परिणाम नक्त मूल्याच्या, म्हणजे भागधारकांच्या एकूण भांडवलाच्या, सुमारे २.३५ टक्के. दुसऱ्या दिवशी शेअर एका सत्रात सुमारे २७ टक्के पडला. सव्वादोन टक्क्यांच्या चुकीला सत्तावीस टक्क्यांची शिक्षा का? कारण बँकेत एक आकडा खोटा निघाला की बाकीच्यांवरचाही भरवसा जातो.

वित्त अधिकारी किंवा लेखापरीक्षक मुदतीआधी निघून जाणं, प्रवर्तकाने शेअर गहाण ठेवणं, निकालाची तारीख पुढे ढकलणं: यातलं काहीही दिसलं तर मी कारण शोधत बसत नाही.

आणि आता भाव

बँकेला पीईपेक्षा पुस्तकी मूल्याने मोजा, तेही चाळून घेऊन. आमच्या बँकेचं नक्त मूल्य १२,००० कोटी, शेअर १०० कोटी, म्हणजे पुस्तकी मूल्य १२० रुपये. निव्वळ एनपीए ९०० कोटी बुडाले असं धरा: उरले १११. आता पुनर्रचित आणि एसएमए-२ मिळून २,५०० कोटी आहेत. त्यातले निम्मे थकले आणि त्यावर ६० टक्के तरतूद लागली, तर आणखी ७५० कोटी गेले. राहिले १०३ रुपये ५० पैसे. बाजारभाव १८० असेल, तर वरवर दीडपट दिसणारा शेअर खरं म्हणजे पावणेदोन पटीच्या जवळ आहे.

महाग की स्वस्त? त्यासाठी नक्त मूल्यावरचा परतावा शेजारी ठेवा. इथे १,५०० भागिले १२,०००, साडेबारा टक्के. तुमची अपेक्षाच वर्षाला तेरा-चौदा टक्क्यांची असेल, तर त्याहून कमी कमावणाऱ्या बँकेला पुस्तकी मूल्यापेक्षा जास्त का मोजायचं? मी मोजत नाही. अठरा टक्के टिकवून कमावणाऱ्या बँकेला अडीचपट देणं मला पटतं. आणि पुस्तकी मूल्याच्या निम्म्या भावात मिळणारी बँक दिसली, की मी धरून चालतो की बाजाराला त्या पुस्तकावर विश्वास नाही. मग तक्ता पहिल्या ओळीपासून पुन्हा.

किती घ्यायचे

निफ्टी ५० मध्ये वित्त क्षेत्राचा वाटा तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असतो. म्हणजे तुमचा इंडेक्स फंड असेल तर बँका घरात आधीच आहेत. वर त्याच बँकेत पगार, मुदत ठेव, लॉकर आणि पुन्हा तिचेच शेअर, असं करू नये. एका बँकेत शेअर-गुंतवणुकीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नको, ही माझी रेघ. ती एकदम नाही, तीन-चार तिमाहींच्या निकालांनंतर थोडीथोडी.

तिमाही निकाल तिमाही संपल्यावर ४५ दिवसांत येतो, वार्षिक ६० दिवसांत. घेतानाच वहीच्या मागच्या पानावर विकायची कारणं लिहून ठेवा, आकड्यांत: स्लिपेज इतकं झालं, सीईटी-१ इतक्या खाली गेलं, डायव्हर्जन्स छापून आलं. भावाचा आकडा त्या पानावर लिहू नका.

वहिनींनी तो सहा पीईवाला शेअर घेतला नाही. वही मात्र घेतली, दोनशे पानी, नौपाड्यातून. परवा जिन्यात भेटल्या तर म्हणाल्या, "भाऊजी, आमची ठेव ज्या बँकेत आहे ना, तिचं परिशिष्ट अठरा काढलंय. वीस मोठे ठेवीदार चोवीस टक्के. संध्याकाळी येऊ का?"